रक्ताची तपासणी आणि त्वचेचा प्रगत कर्करोग : उपयोग, मर्यादा व आमची भूमिका



जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सुगम माहिती वार्षिक अहवालात द्यावी, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदाचा विषय आपल्यापैकीच काही हितचिंतकांच्या सूचनेतून पुढे आला. वाकोला परिसरातील रहिवाशांसाठी रक्त तपासून कर्करोग ओळखणारे शिबिर भरवावे, त्याचा संपूर्ण खर्च आम्ही उचलू, असे त्यांनी अहवाल वर्षात कळविले होते. या सूचनेमागील कळकळीबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. तथापि वैद्यकीय सल्लागारांशी विचारविनिमय करून असे शिबिर न घेण्याचा निर्णय आम्ही घेतला. त्याच बैठकीत, ज्यांच्या रोगाचे निदान आधीच झालेले आहे अशा गरजू रुग्णांच्या रक्ततपासण्यांसाठी मात्र साहाय्य वाढवावे, असेही ठरले.

एकाच तपासणीला एकीकडे नकार आणि दुसरीकडे प्रोत्साहन, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. ते तसे नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही त्वचेच्या प्रगत कर्करोगाचे उदाहरण घेतले आहे, कारण रक्ताची तपासणी कोठे उपयोगी पडते आणि कोठे दिशाभूल करते, हे या रोगात विशेष स्पष्टपणे दिसते. लेख व्यवस्थापनाच्या कार्यालयातून लिहिला गेला असला, तरी त्यातील वैद्यकीय भाग आमच्या सल्लागारांच्या नजरेखालून गेलेला आहे.

रोगाची ओळख

त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल या पहिल्या दोन प्रकारांचे बहुसंख्य रुग्ण वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास बरे होतात, आणि त्यांचा माग घेण्यासाठी नित्य वापरातील अशी रक्ततपासणी उपलब्ध नाही. तिसरा प्रकार मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींपासून तो उद्भवतो. तो प्रमाणाने कमी, परंतु प्रवृत्तीने अत्यंत आक्रमक आहे. त्वचेत त्याची खोली मिलिमीटरपेक्षा कमी असताना तो काढून टाकला, तर बहुतेक रुग्ण पूर्णपणे बरे होतात. हाच रोग जांघेतील वा काखेतील लसिकाग्रंथी ओलांडून फुप्फुस, यकृत किंवा मेंदू येथे पोहोचला, की त्यास प्रगत अवस्था म्हणतात. रक्ततपासणीचे खरे कार्यक्षेत्र येथून सुरू होते.

सन २०११ पूर्वी या अवस्थेतील रुग्णाला देण्याजोगे परिणामकारक औषध जवळपास नव्हते. त्या वर्षी इपिलिमुमॅब व वेमुराफेनिब या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे आली. या उपचारपद्धतीचा पाया घालणारे जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. दोन औषधांचा एकत्रित उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे एका आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. ही चाचणी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील रुग्णांवर झाली होती आणि आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या तळपायाच्या प्रकारात या औषधांना मिळणारा प्रतिसाद तुलनेने कमी असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. असे असले तरी, उपचार उपलब्ध झाल्यामुळेच तो लागू पडतो आहे की नाही हे लवकर कळण्याची गरज निर्माण झाली, आणि रक्ततपासणीचे महत्त्व वाढले.

आपल्याकडील चित्र

भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने आपल्याच मुंबईत सुरू केली. अशा नोंदण्यांमुळे कोणता कर्करोग आपल्याकडे किती आढळतो, हे सांगता येऊ लागले. मेलॅनोमाचे भारतातील प्रमाण दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. ऑस्ट्रेलियात तेच प्रमाण तीसच्या पुढे जाते. गोऱ्या त्वचेवर प्रखर उन्हाचा होणारा परिणाम हे तेथील मुख्य कारण होय.

आपल्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेचसे संरक्षण देते. त्यामुळे हा रोग आपल्याकडे पुष्कळदा अशा जागी आढळतो, जेथे ऊन पोहोचत नाही आणि नजरही जात नाही : तळपाय, तळहात, नखाखालची त्वचा. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच रोग आढळला होता. तो पुढे शरीरात पसरून १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सावळ्या त्वचेला हा रोग होतच नाही, हा समज खोटा ठरविण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

झाकलेल्या जागीच रोग वाढण्याची आणखी एक जुनी नोंद मुंबईच्याच वैद्यकीय इतिहासात आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेच्या त्वचेवर वर्षानुवर्षांच्या घर्षणातून होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. तो मेलॅनोमा नव्हता, स्क्वॅमस प्रकारचा होता. पुढे परकराच्या नाडीखालील त्वचेवरही असा रोग आढळल्याच्या नोंदी झाल्या. डॉ. खानोलकरांनी तो रोग हुडकला तो रुग्णाची राहणी आणि त्वचा डोळसपणे पाहून, आणि ही गोष्ट आजही तितकीच मार्गदर्शक आहे.

रक्तात नेमके काय शोधले जाते

पहिली आणि सर्वाधिक प्रचलित तपासणी लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच एल.डी.एच. या एन्झाइमची. हे एन्झाइम शरीरातील जवळजवळ सर्वच पेशींत असते आणि पेशी मोडली की रक्तात उतरते. शरीरात पसरलेली गाठ झपाट्याने वाढत असेल, तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते. कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या अमेरिकन संयुक्त समितीच्या २००२ च्या नियमावलीत या आकड्याला प्रगत मेलॅनोमाच्या वर्गीकरणात स्थान मिळाले आणि २०१८ पासून अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीतही ते कायम राहिले. ही तपासणी स्वस्त आहे आणि आपल्या परिसरातील साध्या प्रयोगशाळेतही होते.

मात्र एल.डी.एच. ही कर्करोगाची स्वतःची खूण नव्हे. कावीळ, हृदयविकाराचा झटका, स्नायूंची इजा या सर्वांत ते वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात हमखास आढळणाऱ्या मलेरियातही तांबड्या पेशी फुटल्यामुळे ते वाढते. रक्त घेताना किंवा नमुना नेताना हिंदकळून नळीतील तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा फुगतो. उलटपक्षी, रोग प्रगत असूनही हा आकडा मर्यादेतच असलेले रुग्ण पुष्कळ असतात.

दुसरी तपासणी एस-१००-बी या प्रथिनाची. या प्रथिनांच्या गटाचा शोध १९६५ मध्ये लागला. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ती विरघळतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. रंगपेशींत एस-१००-बी आढळत असल्याने जर्मनी व स्वित्झर्लंड येथे मेलॅनोमाच्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी ही तपासणी वापरली जाते. मेंदूतील आधारपेशींतही हे प्रथिन असते, त्यामुळे डोक्याला मार लागल्यानंतरही रक्तात ते वाढते. आपल्याकडे हिचा सर्रास वापर होत नाही.

तिसरी तपासणी सर्वांत नवी : रक्तात वाहणाऱ्या, गाठीतून सुटलेल्या डीएनएची. पेशींचे जनुकीय द्रव्य रक्तात मोकळे फिरते, हे मँडेल व मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. निरोगी पेशींचेही असे तुकडे रक्तात असतात. कर्करोगाचे तुकडे त्यांतून वेगळे ओळखायचे, तर त्यांवरील जनुकीय बदलाची खूण ठाऊक असावी लागते. मेलॅनोमातील बीरॅफ या जनुकाचा बदल २००२ मध्ये उजेडात आला. पाश्चात्त्य रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत तो सापडतो. तळपायाच्या प्रकारात त्याचे प्रमाण बरेच कमी असून, काही रुग्णांत त्याऐवजी किट या जनुकातील बदल आढळतो.

हे तुकडे रक्तात काही तासांतच नष्ट होतात. त्यामुळे आज घेतलेला नमुना रोगाची आजचीच स्थिती सांगतो, आणि हा या तपासणीचा मोठा गुण आहे. बीरॅफवर नेम धरणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तातील हे तुकडे उपचाराच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दिसेनासे झाले, ते रुग्ण इतरांच्या तुलनेत अधिक काळ जगले, असे त्यात आढळले. प्रतिकारशक्तीच्या उपचारात कधीकधी सुजेमुळे गाठ स्कॅनमध्ये मोठी दिसते, जरी औषध लागू पडत असले तरी. अशा पेचात रक्तातील डीएनएचा कल डॉक्टरांना दिशा दाखवू शकतो.

हिलाही मर्यादा आहेत. गाठ लहान असेल, तर पुरेसे तुकडे रक्तात उतरत नाहीत. रोग केवळ मेंदूत असेल, तर तो या तपासणीतून निसटण्याची शक्यता मोठी. म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ असे शब्द असले, तरी ‘रोग नाही’ असा त्याचा अर्थ लावता येत नाही. केवळ या आकड्यावरून, स्कॅन वा प्रत्यक्ष तपासणी न करता, उपचार बदलण्याची पद्धत अद्याप सर्वमान्य झालेली नाही.

एक आकडा नव्हे, नोंदींची मालिका

आमची उमेद हिशेबाच्या वह्यांत गेली, त्यामुळे येथे एक व्यवहारातील दाखला देतो. बँकेच्या पासबुकातील एका दिवसाची शिल्लक पाहून घराची आर्थिक स्थिती कळत नाही. सहा महिन्यांच्या नोंदी क्रमाने वाचल्या, की जमा वाढते आहे की खर्च, हे उमगते. प्रगत कर्करोगातील रक्ततपासणी अशीच वाचायची असते. उपचार सुरू होण्यापूर्वीचा आकडा ही आरंभीची शिल्लक. ती नोंदलेली नसेल, तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशी करावी, हाच प्रश्न पडतो.

यास्तव नातेवाइकांना आमची विनंती आहे की, तपासण्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, कारण प्रयोगशाळेगणिक पद्धत व मर्यादा बदलतात. सर्व अहवाल तारखेच्या क्रमाने एका धारिकेत लावावेत. एखादा आकडा अचानक वाढलेला दिसल्यास घाबरून न जाता त्या सुमारास ताप, कावीळ किंवा दुखापत झाली होती काय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उपचारकाळातील साध्या तपासण्या

नव्या तपासण्यांच्या चर्चेत साध्या तपासण्यांचे मोल झाकोळून जाते. प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे काही रुग्णांत स्वतःच्याच अवयवांवर उलटतात. थायरॉईड, यकृत, आतडी, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांना त्यामुळे सूज येऊ शकते. म्हणून अशा रुग्णाच्या थायरॉईड, यकृत व मूत्रपिंडाच्या आणि रक्तशर्करेच्या तपासण्या ठरावीक काळाने करीत राहणे आवश्यक असते. या तपासण्यांत आढळलेला बिघाड वेळीच डॉक्टरांच्या कानी गेला, तर बहुधा औषधोपचाराने आटोक्यात येतो. दुर्लक्ष झाले, तर तो जिवावरही बेतू शकतो.

मुख्य उपचार परळला किंवा अन्य मोठ्या केंद्रात चालू असलेल्या रुग्णाला या तपासण्यांसाठी दर वेळी तिकडे खेप घालावी लागू नये, येथे आपल्यासारखे वस्तीतील रुग्णालय उपयोगी पडते. सकाळी कामावर जाण्यापूर्वी वाकोल्यातच रक्त द्यावे आणि अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावा, इतकी साधी ही सोय आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने एक वाचलेला दिवस ही मोठी बचत असते.

निरोगी व्यक्तींचे शिबिर का नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, आपण वाकोला, कलिना व सांताक्रूझ पूर्व येथील १०,००० निरोगी रहिवाशांचे रक्त तपासले. तपासणी इतकी चांगली आहे असे गृहीत धरू, की ती शंभर निरोगी माणसांपैकी केवळ पाच जणांनाच चुकीने ‘संशयित’ ठरविते. तरीही ५०० निरोगी माणसे संशयित ठरतील. त्यांना स्कॅन, तुकडा तपासणी, रजा, कर्ज आणि आठवडेच्या आठवडे चिंता यांना सामोरे जावे लागेल. लाखामागे एकाहूनही कमी प्रमाण असलेल्या या रोगाचा खरा रुग्ण त्या १०,००० जणांत बहुधा एकही नसेल.

याहून गंभीर धोका दुसऱ्या बाजूचा आहे. ज्याच्या तळपायावर खरोखरच लहानसा मेलॅनोमा आहे, त्याचा रक्ताचा अहवाल बहुतांशी निर्दोष येईल, कारण त्वचेपुरत्या मर्यादित रोगात वर सांगितलेल्या तिन्ही तपासण्यांतून सहसा काही हाती लागत नाही. तो समाधानाने घरी जाईल आणि तो डाग दाखविण्याचे लांबणीवर टाकील. ‘रक्त चांगले आहे, मग तुकडा कशाला काढायचा?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर असे, की त्वचेच्या कर्करोगाचे निदान तुकडा तपासणीनेच होते. रक्ताचा चांगला अहवाल तिची जागा घेऊ शकत नाही. देणगीदारांच्या पैशातून असा खोटा दिलासा वाटला जावा, हे आम्हांस उचित वाटले नाही.

मग रोग ओळखावा कसा

यासाठी लागतो तो पुरेसा उजेड आणि दोन मिनिटांचा वेळ. तळपायावरील डाग काटा रुतल्याचा, कुरूप म्हणून किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्याने चिघळलेली जखम म्हणून सोडून दिला जातो. नखाखालचा काळा पट्टा ठेच लागून रक्त साकळले म्हणून विसरला जातो. मधुमेही व्यक्तीच्या पायाची न भरणारी जखम मधुमेहाच्याच खाती जमा होते. बहुतेक वेळा हे अंदाज खरेही असतात. परंतु पुढील लक्षणे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखविणे अगत्याचे आहे : आकार, कडा वा रंग बदलणारा तीळ किंवा डाग; तळपायावर वा तळहातावर नव्याने उमटून वाढत जाणारा काळसर डाग; एकाच नखातील रुंदावत जाणारा किंवा नखालगतच्या त्वचेवर पसरणारा काळा पट्टा; आणि कित्येक आठवडे उपचार करूनही न भरणारी जखम. काही मेलॅनोमांना काळा रंग नसतो, म्हणून न भरणारी लालसर गाठही दुर्लक्षू नये. असे डाग घरगुती पद्धतीने कापणे, जाळणे वा खरवडणे कटाक्षाने टाळावे.

तुकडा तपासणी झाल्यावर मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला नमुना व काचपट्ट्या जपून ठेवाव्यात. पुढे जनुकीय तपासणी करण्याची वेळ आली, तर पहिली मागणी त्यांचीच होते.

देणगीचा विनियोग

वरील विवेचनास अनुसरून या शीर्षाखाली येणारी देणगी तीन कामांसाठी वापरण्याचे योजिले आहे. निदान झालेल्या गरजू रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या व उपचारकाळातील रक्ततपासण्या, हे पहिले. संशयित डागाची तुकडा तपासणी आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी लेखी सुचविल्यास बाहेरील प्रयोगशाळेतील जनुकीय तपासणी, हे दुसरे. रक्ताच्या शिबिराऐवजी पाय, नखे व त्वचा पाहण्याचा उपक्रम, हे तिसरे. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये २००६ पासून एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीसाठी वेगळी ठेवतात. आपली देणगी ही त्या निधीला पूरक ठरते.

शिबिराची सूचना करणाऱ्या हितचिंतकांस हा निर्णय प्रथमदर्शनी निरुत्साही वाटणे स्वाभाविक आहे. हजारो लोकांची तपासणी केल्याचा आकडा अहवालात शोभून दिसला असता, यात शंका नाही. त्याऐवजी थोड्या रुग्णांच्या वर्षभराच्या तपासण्या खंड न पडता पार पाडणे हे काम संख्येने लहान दिसेल. परंतु उपचार चालू असलेल्या रुग्णाला पुढची तपासणी परवडत नाही म्हणून ती चुकली, असे या परिसरात होऊ नये, ही आमची इच्छा आहे. ती पूर्ण करण्यासाठी आपले साहाय्य आजवर लाभत आले आहे आणि यापुढेही लाभेल, असा आम्हांस विश्वास आहे. आपले अभिप्राय व सूचना आमच्या कार्यालयाकडे अवश्य पाठवाव्यात, ही विनंती.